कुणाचा जीव, किती मोलाचा?

(भिवंडीत झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ‘विज्ञानकथेतली माणसं आणि जगण्याची मूल्यं’ या विषयावर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. मधेमधे मैत्रिणींनी विचारलेले प्रश्नही त्यात आले आहेत.)



सकाळच्या सत्रात पोटगीचे अर्ज आणि रेशनकार्डातली नावं यावर इतकं तावातावानं बोलणं झालं की आता विज्ञानकथेवर बोलायला उभं राहताना मला जरा ओशाळल्यासारखंच होतंय. चहाच्या वेळी एका ताईंनी तोंडावर विचारलं, “आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं, आणि तुम्ही आम्हाला चंद्रावरच्या गोष्टी सांगणार?” प्रश्न रास्त आहे. चंद्रावर मी जाणार नाही. या खिडकीबाहेरूनच सुरुवात करते. खिडकी लावली आहे तरी मागांचा खडखडाट आत येतोच आहे, तेव्हा मागच्यांना ऐकू आलं नाही तर हात वर करा.

विज्ञानकथा म्हटलं की रॉकेट, परग्रहावरचे चित्रविचित्र प्राणी आणि शाळकरी पोरांची पुस्तकं डोळ्यांपुढे येतात. मलाही तसंच वाटायचं. मुलाला वाचून दाखवता दाखवता मीच वाचायला लागले आणि हळूहळू लक्षात आलं, की यातलं यंत्र हे बहुतेकदा निमित्त असतं. लेखक जगातली एकच गोष्ट बदलतो. एखादं औषध निघतं, एखादं यंत्र येतं, आकाशात धूमकेतू दिसतो. बाकीचं जग तो आहे तसं ठेवतो आणि मग माणसं कशी वागतात ते बघत बसतो. रोजच्या जगण्यात कोण कोणाला किती मोजतं हे माया, कर्तव्य, रीत असल्या शब्दांखाली झाकलेलं असतं. गोष्टीत संकट आलं की ते झाकण उडतं. कोणाला वाचवायचं, कोणाला वगळायचं, कोणाला विचारायचंच नाही, हे पात्रांना बोलून दाखवावं लागतं.

आपल्या भाषेत ‘मोल’ हा मोठा शब्द आहे. जिवाचं मोल, अनमोल असं आपण म्हणतो. त्याच शब्दापासून मोलकरीण झाली, म्हणजे मोलानं काम करणारी. जिच्या कामाला मोल देतात ती मोलकरीण आणि तेच काम जी फुकट करते ती गृहलक्ष्मी. हसा, हसा. पण हा हिशेब डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ‘रोबो’ या शब्दाची गोष्ट. तो शब्द कोणा शास्त्रज्ञानं दिलेला नाही, तो एका नाटकातून आला. चेकोस्लोव्हाकियात कारेल चापेक नावाचा नाटककार होता. त्यानं १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिलं आणि १९२१ साली ते प्रागच्या रंगमंचावर आलं. शब्द सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीनं करायचं काम. आपल्याकडे त्याला अचूक शब्द आहे, वेठ. रोबो म्हणजे वेठबिगार. शंभर वर्षांत आपण अर्थ विसरलो आणि शब्द खेळण्यांना दिला.

नाटकात एका बेटावर रोबोंचा कारखाना आहे. हे रोबो पत्र्याचे नाहीत, माणसासारखेच दिसतात. कारखान्यात त्यांच्या शरीराचे भाग तयार होतात. मज्जातंतू आणि शिरा जिथे बनतात तिला तर चापेक सूतगिरणीच म्हणतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. भिवंडीत राहणाऱ्या बाईला सूतगिरणी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

या बेटावर हेलेना नावाची तरुणी येते. रोबोंनाही माणसासारखं वागवलं पाहिजे असं म्हणणाऱ्या संस्थेची ती प्रतिनिधी, म्हणजे थोडीफार आपल्यातलीच. कारखान्याचा प्रमुख डोमिन तिची ओळख सुला नावाच्या टायपिस्टशी करून देतो. हेलेनाला ती खरी बाईच वाटते. ती रोबो आहे हे पटवायला डोमिन म्हणतो, हिला आत नेऊन फाडून दाखवतो. हेलेना घाबरून ओरडते. सुला शांत उभी. मरणाचं तिला काही नाही, कारण जगण्याचंच काही नाही. थोड्या वेळानं हेलेना आणखी एक प्रश्न विचारते. रोबोंना मुलंबाळं होत नाहीत, तर बाईच्या रूपातले रोबो बनवता कशाला? उत्तर मिळतं, मागणी आहे. घरकामाला, दुकानात, टायपिंगला लोकांना बाईची सवय आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या या एका उत्तरात श्रमविभागणीवरचे आपले अर्धे अभ्यासवर्ग मावतात.

पण या नाटकातली मला सगळ्यात टोचलेली जागा वेगळी आहे. रोबोंना वेदना नसतात. त्यामुळे ते यंत्रात हात घालतात, बोट तुटतं, त्यांना पत्ताच नसतो. माल खराब होतो, म्हणजे रोबो हाच माल. म्हणून तिथला डॉक्टर गॉल त्यांना वेदना द्यायचं ठरवतो. हेलेना विचारते, त्यानं ते सुखी होतील का? तो म्हणतो, उलट, पण यंत्र म्हणून जास्त चांगले होतील. वेदना द्यायची ती नुकसान टाळायला. माणसाचं दुखणं हा मालकाच्या वहीतला एक आकडा. आपल्याकडे मागाखाली कोणाचं बोट गेलं तर पहिला प्रश्न काय असतो? तो हजेरीवर होता का. हजेरीवर नसेल तर बोट गेलंच नाही असं समजायचं. आणि घरी बसून कांड्या भरणारी, धागे कापणारी बाई तर कोणत्याच हजेरीवर नसते. तिचे डोळे अधू झाले, कंबर मोडली, कापसाच्या धुळीनं खोकला जडला, तर तिला ‘घरात बसून असते’ असंच म्हणतात. चापेकच्या रोबोला निदान कारखान्याचा क्रमांक तरी असेल.

(इथे एका मैत्रिणीनं विचारलं, “म्हणजे हा डोमिन खलनायक का?”)

नाही, आणि तीच तर गंमत आहे. डोमिन वाईट माणूस नाही. त्याचं स्वप्न आहे की भाकरी स्वस्त होईल, कोणाला राबावं लागणार नाही, माणूस मोकळा होईल. फक्त त्या मोकळ्या होणाऱ्या माणसांच्या यादीत राबणारे नाहीत. अशी स्वप्नं आपण खूप ऐकली आहेत. पुढे रोबो उठाव करतात आणि माणसं मारतात. वाचतो एकटा आल्क्विस्ट, तिथला बांधकामाचा प्रमुख. त्याला का सोडतात? तो रोबोंसारखा हातानं काम करतो म्हणून. शेवटी एक तरुण आणि एक तरुणी, दोघं रोबोच, आल्क्विस्टपुढे उभे राहतात. त्याला संशोधनासाठी एकाला फाडायचं आहे. ती म्हणते, मला ने. तो म्हणतो, तिला नको, मला ने. सुरुवातीची सुला आठवा. फाडायचं नाव काढलं तरी ती हलली नव्हती. जगणं म्हणजे काय याचं चापेकचं उत्तर या दोन प्रसंगांमधल्या अंतरात आहे. दुसऱ्याचा जीव जाऊ नये असं ज्याला वाटतं, तो जिवंत. मला हे उत्तर आवडतं, पण पूर्ण पटत नाही. स्वतःचा जीव दुसऱ्यासाठी द्यायचा हे आपल्याला लहानपणापासून इतकं पाजलेलं आहे की त्यात प्रेम किती आणि सवय किती हे कळेनासं झालंय. म्हणून मला दोघंही पुढे येतात हे महत्त्वाचं वाटतं. एकटी तीच पुढे आली असती तर ती आपली नेहमीचीच गोष्ट झाली असती.

आता मराठीकडे येऊ. मराठीत विज्ञानकथेला मोठा वाचक मिळाला तो जयंत नारळीकरांमुळे. २०२५च्या मे महिन्यात ते गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी हस्ताक्षर ओळखू नये म्हणून ती कथा मंगलाताईंनी आपल्या अक्षरात उतरवून दिली होती. मंगला नारळीकर स्वतः गणिताच्या विदुषी. मराठी विज्ञानकथेच्या या नव्या वळणावर एका बाईचं अक्षर आहे, ही गोष्ट मला सांगावीशी वाटते. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून.

त्यांची ‘धूमकेतू’ ही कथा पुष्कळांनी पाठ्यपुस्तकात वाचली असेल. कोलकात्याचे दत्तदा दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतात. त्यांची पत्नी इंद्राणीदेवी, तिला हा अपशकुन वाटतो. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं, जगातले शास्त्रज्ञ तो वळवायच्या खटाटोपाला लागतात आणि इकडे घरी शांतीसाठी यज्ञ होतो. संकट टळतं. कशामुळे टळलं, यावर नवरा-बायकोचं एकमत होत नाही. अंधश्रद्धेविरुद्धची कथा म्हणून ती चांगलीच आहे आणि तशीच ती शिकवली जाते. मी मात्र दुसऱ्यांदा वाचताना इंद्राणीदेवीच्या बाजूला जाऊन बसले. तिचा यज्ञ मला मान्य नाही. पण ती कोणासाठी धडपडते आहे? घरादारासाठी. नवऱ्याला धूमकेतूला आपलं नाव मिळाल्याचा आनंद आहे, हिला पोराबाळांच्या जिवाची धास्ती आहे. त्या धास्तीला ज्ञानाची वाट कोणी उघडून दिली होती? दुर्बीण गच्चीवर असते आणि बाई स्वयंपाकघरात. तिच्या हाताशी जे साधन होतं ते तिनं वापरलं. आपल्या कितीतरी विज्ञानकथांत बाई असते ती शास्त्रज्ञाला चहा द्यायला आणि “म्हणजे काय हो?” असं विचारायला, म्हणजे त्याला वाचकांना समजावून सांगता येतं. शुभदा गोगटे, मेघश्री दळवी अशा लेखिका या प्रांतात आल्या, तेव्हा तो प्रांत काही पुरुषांचाच वतनाचा नव्हता हे उघडच आहे. पण तुम्ही तुमच्या गावच्या वाचनालयातलं कपाट बघा आणि मला सांगा.

नारळीकरांचीच दुसरी कथा आहे ‘पुत्रवती भव’. ‘यक्षांची देणगी’ या १९७९च्या संग्रहात ती आहे. विज्ञानाच्या मदतीनं हमखास मुलगाच व्हावा अशी सोय निघाली तर समाजातल्या मुलामुलींच्या प्रमाणाचं काय होईल, हा तिचा विषय. नाव बघा किती नेमकं आहे. तो आशीर्वाद आहे. यंत्र यायच्या शेकडो वर्षं आधी आपण वाकलेल्या पाठीवर हात ठेवून तो देत आलो आहोत. यंत्रानं फक्त तो खरा करून दाखवला.

१९७९ साली ही कल्पना होती. त्यानंतर काही वर्षांतच मुंबईत गर्भजल परीक्षेची दुकानं उघडली. आज थोडे पैसे टाका आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागल्या. जिवाची किंमत इतक्या उघडपणे रुपयांत मांडलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आपल्यातल्या ज्या जुन्या आहेत त्यांना आठवत असेल, मुंबईत स्त्रीसंघटना, डॉक्टर, शास्त्रज्ञ एकत्र आले, लिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, लागू झाला १९९६त, आणखी कडक झाला २००३त. आणि आकडे? शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली ८०७. पुढची जनगणना २०२१ साली व्हायची ती वेळेवर झालीच नाही. नारळीकरांची कथा कल्पनेतून खाली उतरली आणि जनगणनेच्या तक्त्यात जाऊन बसली.

त्या काळी एक युक्तिवाद फार चालायचा. शहाणी माणसंसुद्धा तो करत. मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल, हुंडा जाईल, मागणी-पुरवठ्याचा नियमच आहे. १९८३ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त यावर वाद झाला. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी बजावलं, की बाई कमी झाली म्हणून तिचा मान वाढत नाही, तिच्यावरची जबरदस्ती वाढते. २००३ साली मनीष झा यांचा ‘मातृभूमी’ हा सिनेमा आला, तोही एका अर्थी विज्ञानकथाच. गावात बाईच उरलेली नाही. एक मुलगी सापडते, तिचा बाप पैसे घेऊन पाच भावांशी तिचं लग्न लावतो. दुर्मीळ झालेली ती बाई राणी होत नाही. तिला साखळीनं गोठ्यात बांधतात. सोनं महाग झालं म्हणून सोन्याला कोणी मत विचारतं का? ते तिजोरीत जातं. इथे किंमत आणि मोल या दोन शब्दांतला फरक मला कळला.

आता स्वतःची एक चूक सांगते. त्या वर्षांत मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी रात्री जागून भिंती रंगवल्या होत्या. वाक्य होतं, “मुली मारल्या तर सून कुठून आणाल?” आम्हाला ते फार झणझणीत वाटलं होतं. लोकही थांबून वाचायचे, माना डोलवायचे. पुढे एका बैठकीत पंधरा-सोळा वर्षांची एक पोर उभी राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मी जगायचं ते कोणाची तरी सून व्हायला का?” खोलीत शांतता झाली. मला उत्तर देता आलं नाही. आपण ज्यांच्याशी भांडत होतो त्यांचंच माप हातात घेऊन आपण मोजत होतो. मुलगी हवी, कारण ती पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. डोमिनचं उत्तर आठवा, मागणी आहे. त्या भिंतीवर आता मोबाईलची जाहिरात आहे. बरंच झालं.

दुसरी गोष्ट आणखी अवघड आहे आणि तिच्यावर आपल्यातही एकमत नाही, हे मला माहीत आहे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द. तो आपणही वापरला, सरकारनंही उचलला, आणि बघता बघता ‘हत्या’ या शब्दानं सगळी जागा व्यापली. २०११-१२नंतर आपल्या राज्यात औषधांच्या दुकानांवर छापे पडले आणि गर्भपाताच्या गोळ्या ठेवायलाच दुकानदार घाबरू लागले. १९७१च्या कायद्यानं बाईला गर्भपाताची सोय दिली आहे, २०२१ साली ती वाढवलीही. पण तीन मुलांची एक बाई माझ्याबरोबर एका दवाखान्यात आली होती, दहावा आठवडा होता, लिंग कोणाला माहीत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. तिला तिथे ऐकवलं, “जीव घ्यायला आलात?” ती बाई बाहेर पायरीवर बसून मला म्हणाली, “माझा जीव कोण मोजतंय?” हे वाक्य मी कोणत्याही विज्ञानकथेत वाचलेलं नाही, पण प्रत्येक चांगली विज्ञानकथा याच पायरीपाशी येऊन थांबते. लिंग बघून केलेल्या निवडीला आपला विरोध आहे, कारण ती निवड बाईच्या जातीचं मोल कमी ठरवते. नको असलेलं बाळंतपण लादणं हेसुद्धा तिचंच मोल कमी ठरवणं आहे. दोन्ही एकाच वेळी म्हणायला शब्द कमी पडतात, घोषणा तर मुळीच होत नाही. पण सोपी घोषणा हवी म्हणून यातलं अर्धं सोडून द्यायचं, हे मी आता करणार नाही.

(इथे बरीच चर्चा झाली. ती वेगळी देत आहोत.)

उरलेल्या वेळात एका आनंदाच्या गोष्टीकडे येते. आज इथे उर्दू बोलणाऱ्या बऱ्याच बहिणी आहेत, त्यांना रुकैया सखावत हुसेन हे नाव सांगायलाच हवं. बंगालमधल्या पडदानशीन घरातली ही मुलगी, भावानं चोरून इंग्रजी शिकवलं. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये तिची कथा आली, ‘सुलतानाज् ड्रीम’, सुलतानाचं स्वप्न. म्हणजे चापेकच्या नाटकाच्याही पंधरा वर्षं आधी आपल्या देशातल्या एका बाईनं विज्ञानकथा लिहिली होती.

सुलताना स्वप्नात अशा देशात जाते जिथे बाया बाहेर वावरतात आणि पुरुष मर्दान्यात बसून स्वयंपाक करतात, पोरं सांभाळतात. पुरुषांचं सैन्य वाढवणं चालू होतं तेव्हा तिथल्या बायकांच्या विद्यापीठांनी ढगातून पाणी ओढून घ्यायची आणि सूर्याची उष्णता साठवायची युक्ती शोधली. पुरुष त्यांना हसले होते. तिथल्या स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही, उन्हावर अन्न शिजतं. काम दिवसाला दोन तास. आपल्या भिवंडीत मागावरच्या शेकडो माणसांना भिशीत जेवू घालणाऱ्या बायका आहेत. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी धुराचंच विचारलं.

पण या कथेतली मला आवडणारी जागा पुढे आहे. त्या देशावर स्वारी का होते? शेजारच्या राज्यातली काही माणसं राजाशी बिनसल्यामुळे पळून आश्रयाला येतात. राजा म्हणतो, परत द्या. राणी म्हणते, आलेल्याला हाकलणं आमच्यात बसत नाही. तेवढ्यावरून युद्ध. पुरुष हरतात, आणि मग विद्यापीठाची प्रमुख दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन जाते आणि साठवलेलं ऊन शत्रूवर सोडते. शत्रू पळून जातो. गुन्हेगारालाही तिथे फाशी नाही. खुदानं निर्माण केलेल्या जिवाला मारण्यात आम्हाला आनंद नाही, अशा अर्थाचं तिथली सारा म्हणते. जो माणूस आपला नाही, ज्याचा काही उपयोग नाही, उलट ज्याच्यामुळे संकटच येणार आहे, त्याचाही जीव राखायचा. सून कुठून आणाल हा हिशेब इथे नाही. ज्या गावानं १९७० आणि १९८४च्या दंगली पाहिल्या, ज्या गावातून २०२० साली माग बंद पडल्यावर माणसं नाशिक हायवेनं बायकापोरांसह चालत निघाली, त्या गावात ही गोष्ट सांगताना मला वेगळंच वाटतं. तेव्हा कोणाला राहा म्हणायचं हे कोणी ठरवलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

रुकैयाच्या नवऱ्यानं कथा वाचून म्हटलं होतं म्हणे, हा तर भयंकर सूड! त्यात थोडं तथ्य आहे. कोंडण्याची भिंत तिनं पाडली नाही, आतबाहेरच्यांची अदलाबदल केली. मागे मी ही कथा इथल्याच एका वस्तीत वाचून दाखवली तेव्हा बायका पोट धरून हसल्या. मग एक आजी म्हणाली, “ते ठीक. पण तिथे मुलगा जन्मला की त्याच्या आईला काय वाटत असेल?” रुकैयानं हे लिहिलेलं नाही. कोणीतरी लिहायला हवं. स्वतः रुकैयानं पुढे १९११ साली कोलकात्यात मुलींची शाळा चालवायला घेतली आणि घरोघर फिरून मुली गोळा केल्या, म्हणजे स्वप्नावर ती थांबली नाही, हेही सांगते.

वेळ झाली आहे, चिठ्ठी आली. एक शेवटचं. त्या वस्तीतल्या बैठकीत मी बायकांना म्हटलं होतं, तुम्ही एक यंत्र कल्पा, कोणतंही, आणि ते आलं तर घरात काय होईल ते सांगा. कोणी आपोआप भाकरी थापणारं यंत्र सांगितलं, कोणी दारू प्यालेल्याला उंबऱ्यातच अडवणारं दार. कांड्या भरणारी एक बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “विजेचा मीटर असतो ना, तसा एक मीटर माझ्या मनगटाला हवा. कांड्या भरल्या, पाणी भरलं, सासूचे पाय चेपले, रात्री पोराला घेऊन जागले, सगळं त्यात फिरत राहील. महिन्याच्या शेवटी बिल येईल.” बाकीच्या हसल्या. शेजारची म्हणाली, “अगं, पण बिल येणार कोणाच्या नावावर?” त्यावर जी भांडणं सुरू झाली, नवऱ्याच्या नावावर, सेठच्या नावावर, सरकारच्या नावावर, ती दिवे गेले तरी थांबली नव्हती.